सरळ दिसणारा डोळाही मागे पडतो

मराठीत वाकड्या नजरेला शब्दांचा तोटा नाही. तिरळा, चकणा, हेकणा. शाळेच्या मैदानावर यांतला एखादा तरी कानावर पडल्याशिवाय असं मूल मोठं होत नाही. पण डोळा दिसायला सरळ, टपोरा, नितळ आणि तरीही त्या डोळ्याने नीट दिसत नाही, या दुखण्याला आपल्याकडे घरगुती नावच नाही. डॉक्टर त्याला अँब्लायोपिया म्हणतात आणि आपण इंग्रजीवरून ‘आळशी डोळा’ असा उसना शब्द चालवतो. जे चारचौघांना दिसतं त्याला चार नावं पडली. जे दिसत नाही ते बिननावाचं राहिलं. दवाखान्यात उशिरा पोचतात तीही बहुतेक ही बिननावाचीच मुलं.

माझी भाची त्यांतलीच. पहिलीत असताना शाळेत तपासणीचं पथक आलं आणि घरी चिठ्ठी आली: डावा डोळा, तज्ज्ञांना दाखवा. बहिणीचा विश्वासच बसेना. पोरगी सायकल चालवते, रांगोळीचे ठिपके बिनचूक जोडते, टीव्हीपासून लांब बसते. दवाखान्यात मी सोबत होते. डावा डोळा झाकून तिने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. मग उजवा झाकला, तरी तीन ओळी म्हटल्या. तपासणाऱ्या ताईंनी तिच्या हाताकडे बघितलं; बोटांच्या फटीतून उजवा डोळा बाहेर डोकावत होता. लबाडी नव्हती ती. ज्या डोळ्याने दिसतं त्याच डोळ्याने ती बघत होती, जन्मापासून तेच करत आली होती. ताईंनी कापूस ठेवून वरून चिकटपट्टी लावली. आता मात्र ती गप्प झाली. मान इकडून तिकडे केली, खुर्चीत पुढे सरकली आणि म्हणाली, “मावशी, अक्षरं एकमेकांत घुसलीत.”

एकेक अक्षर सुटं दाखवलं तर ती ओळखत होती. तेच अक्षर ओळीत आलं की गोंधळ. आळशी डोळ्याची ही खास खूण असते, हे मला त्या दिवशी कळलं: शेजारी गर्दी झाली की त्या डोळ्याला एकही अक्षर धड वाचता येत नाही.

“पण डोळा तर सरळ आहे हो,” बहीण डॉक्टरांना म्हणाली.

“सरळ आहे म्हणूनच सहा वर्षं कळलं नाही,” ते म्हणाले.

बघणं हे शिकण्याचं काम आहे

बाळ जन्मतं तेव्हा डोळे तयार असतात, बघणं तयार नसतं. डोळ्याच्या पडद्यावर पडलेलं चित्र मेंदूत जातं आणि मेंदू ते वाचायला हळूहळू शिकतो. दोन्ही डोळ्यांकडून सारखी, स्वच्छ चित्रं येत राहिली तर मेंदू दोन्ही जुळवून एक करतो. वस्तू किती लांब, किती खोल, हे त्यातूनच समजतं. एका डोळ्याकडून सतत पुसट चित्र आलं, किंवा डोळा वाकडा असल्यामुळे भलत्याच जागेचं चित्र आलं, तर मेंदू फार दिवस घोळ सहन करत नाही. तो त्या डोळ्याचं ऐकणंच बंद करतो. म्हणून ‘आळशी डोळा’ हे नाव मला पटत नाही. डोळा बिचारा निरोप पाठवत असतो, पलीकडे फोन उचलणारं कुणी नसतं.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं. पिल्लाची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली आणि मग उघडली. डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देईनात. मोठ्या मांजराची पापणी तशीच शिवली तर असं काही झालं नाही. म्हणजे मेंदूची ही शिकण्याची एक वेळ असते, ती लहानपणीच येते. या दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं. माणसाच्या मुलात ही वेळ पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांत नाजूक असते आणि पुढे सात-आठ वर्षांपर्यंत हळूहळू मिटत जाते.

तिरळेपणा आणि आळशी डोळा ही दोन वेगळी दुखणी, पण एका घरात नांदणारी. तिरळेपणामुळे आळशी डोळा होतो; उलट एका डोळ्याला कमी दिसत असेल तर तो डोळा कालांतराने भरकटून तिरळाही होतो. जगभरात शंभरातल्या साधारण दोन ते चार मुलांत तिरळेपणा आढळतो, आळशी डोळ्याचं प्रमाणही त्याच्या आसपासच. म्हणजे पन्नास पोरांच्या वर्गात एखाद-दुसरं मूल असायचंच.

मग कोणाच्या मुलाला हे होण्याची शक्यता जास्त? इथे ‘जोखीम’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण घरातले लोक त्याचा अर्थ लगेच ‘चूक कोणाची’ असा लावतात. पावसात घाटातून गेलेली प्रत्येक गाडी घसरत नाही. पण घसरलेल्या गाड्या मोजल्या तर त्यांत गुळगुळीत टायरवाल्या जास्त निघतात. जोखीम म्हणजे तो गुळगुळीत टायर. तो असला म्हणजे गाडी घसरणारच असं नाही, पण निघण्याआधी वाकून बघायला हवं.

आधी चष्म्याचा नंबर

सगळ्यांत मोठी जोखीम सगळ्यांत साधी आहे: चष्म्याचा नंबर, आणि त्यातही प्लस नंबर. आपल्याकडे मुलाला नंबर म्हटलं की मायनसच डोळ्यांसमोर येतो. फळ्यावरचं दिसत नाही, डोळे बारीक करतो, बाई चिठ्ठी पाठवतात. मायनसवालं मूल निदान तक्रार तरी करतं. प्लसवालं मूल करत नाही.

कारण असं. प्लस नंबरच्या डोळ्यात चित्र पडद्यावर नेमकं न पडता पडद्यामागे पडू बघतं. मुलाच्या डोळ्यातलं भिंग मऊ असतं. ते फुगवून, जोर लावून मूल चित्र पुढे ओढतं आणि स्पष्ट बघतं. पण निसर्गाने या जोराला एक जोडीदार दिलाय. भिंग फुगलं की दोन्ही डोळे आपोआप नाकाकडे वळतात, कारण एरवी आपण भिंग फुगवतो ते जवळचं बघताना आणि जवळचं बघायला डोळे आत वळावेच लागतात. ज्या मुलाला लांबचं बघायलाही जोर लावावा लागतो त्याचे डोळे गरज नसताना आत ओढले जातात. दोन-तीन वर्षांचं झालं, बारीक चित्रं न्याहाळायला लागलं की एक डोळा नाकाकडे वळायला लागतो. बऱ्याचदा तापातून उठल्यावर हे लक्षात येतं आणि ‘तापात डोळा फिरला’ अशी समजूत होते. तापाने फक्त अंगातली ताकद कमी केली. ओढाताण आधीपासूनच चालू होती.

लॉस एंजेलिस आणि बाल्टिमोर या दोन शहरांत सहा महिने ते सहा वर्षांच्या जवळपास दहा हजार मुलांचे डोळे तपासून निष्कर्ष काढले गेले, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्लस नंबर दोन ते तीनच्या दरम्यान असलेल्या मुलांत आत वळणारा तिरळेपणा असण्याची शक्यता, नंबर जवळपास नसलेल्या मुलांच्या सहापट निघाली. प्लस पाच किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरपटीहून अधिक. बाहेर वळणाऱ्या तिरळेपणात तिरपा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर जास्त आढळला. म्हणून लगेच घाबरायचं नाही. बहुतेक बाळं थोडा प्लस नंबर घेऊनच जन्मतात आणि डोळा वाढतो तसा तो उतरत जातो. प्रश्न मोठ्या नंबराचा आहे आणि न उतरणाऱ्या नंबराचा.

त्याहून कपटी प्रकार म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरात फरक. माझ्या भाचीचा उजवा डोळा प्लस एक होता, डावा प्लस पाच. हे समजवायला मला आमच्या जुन्या चाळीची पाण्याची मोटर उपयोगी पडते. एकाच मोटरवर दोन टाक्या, एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या. मोटर चालू-बंद करणारी काकू खालच्या मजल्यावर राहायची. तिची टाकी भरली की खटका बंद. वरच्या टाकीत पाणी चढायच्या आतच मोटर थांबलेली. डोळ्यांचंही तसंच: भिंग फुगवण्याचा हुकूम दोन्ही डोळ्यांना मिळून एकच जातो, वेगवेगळा देता येत नाही. कमी नंबरच्या डोळ्याला स्पष्ट दिसलं की मेंदू समाधानी, जोर तिथेच थांबतो. जास्त नंबरच्या डोळ्याला ना लांबचं स्पष्ट दिसतं ना जवळचं. उभ्या आयुष्यात एकही नितळ चित्र त्याने पाहिलेलं नसतं.

मायनस नंबरात फरक असेल तर परिस्थिती जरा बरी, कारण मायनसच्या डोळ्याला जवळचं तरी चांगलं दिसतं. तो निदान पुस्तकापुरता कामावर असतो. म्हणून प्लसमध्ये दोन डोळ्यांत एक-दीडचा फरकही डॉक्टरांच्या कपाळावर आठी आणतो, तितकाच फरक मायनसमध्ये असला तर ते एवढे अस्वस्थ होत नाहीत.

काचेच्या पेटीतली बाळं

अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, जन्मल्यावर काही आठवडे काचेच्या पेटीत काढलेली बाळं ही दुसरी मोठी टोळी. त्या अमेरिकी अभ्यासात आत वळणारा आणि बाहेर वळणारा, दोन्ही तऱ्हांचा तिरळेपणा या मुलांत जास्त निघाला. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात आणि त्यांची वाढ भलत्या दिशेने होऊन पडदा सुटण्याचा धोका असतो. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचा असा दंडक आहे. ही तपासणी आता बऱ्याच ठिकाणी होते. गडबड त्यानंतर होते. ‘पडदा व्यवस्थित आहे’ असं ऐकलं की फाइल कपाटात जाते आणि पुन्हा निघत नाही. पण पडदा वाचला तरी या मुलांना मोठा नंबर, दोन डोळ्यांत फरक आणि तिरळेपणा हे पुढे होऊ शकतं. पडद्याची परीक्षा पास झाली, शाळा संपली नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: गरोदरपणात आईने सिगारेट ओढली असेल तर मुलात तिरळेपणाची शक्यता वाढते. हे वाचून मराठी वाचक सुस्कारा टाकेल, आमच्या बायका कुठे सिगारेट ओढतात. ओढत नाहीत, पण मिश्री लावतात. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, आणि ‘पोट साफ होतं’ म्हणून गरोदरपणात चार वेळा जास्तच. तिच्यातलं निकोटीन रक्तातून बाळापर्यंत जातं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी शंभरेक ग्रॅमने हलकी होती आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. कमी वजन आणि अपुरे दिवस डोळ्याला कुठे नेतात ते वर आलंच आहे. मिश्रीची डबी घरात सासूची असते आणि तीच सुनेच्या हातात देते, त्यामुळे हे नुसतं सुनेला सांगून भागत नाही.

घराण्याचा वारसा तपासायचा सोपा मार्ग म्हणजे लग्नाचे अल्बम. ‘आमच्यात कुणाला नाही’ असं सांगणाऱ्या घरात जुने फोटो काढले की एखादी आत्या सगळ्या फोटोंत एकाच बाजूने उभी दिसते, एखादा काका काळा चष्मा घालून. भाचीच्या वेळी आम्हीही अल्बम काढला आणि माझ्या आईनेच कबूल केलं की तिच्या भावाचा डोळा लहानपणी ‘जरा फिरायचा’. आईवडील, सख्खी भावंडं यांच्यापैकी कुणाला तिरळेपणा, आळशी डोळा किंवा लहानपणीच मोठा प्लस नंबर असेल तर पुढच्या मुलाची तपासणी खूण दिसण्याची वाट न बघता करावी. एकसारख्या जुळ्यांत एकाला तिरळेपणा असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणजे रक्ताचा वाटा आहेच. पण बापाचा डोळा आत वळतो म्हणून मुलाचाही वळणार, इतका सरळ हिशेब मात्र नाही.

डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, डोक्यात पाणी होणं असं काही असलेल्या मुलांत दोन्ही दुखणी कितीतरी जास्त आढळतात. या मुलांच्या घरी फिजिओथेरपी, फिट्सची औषधं, शाळेचा शोध इतकं काही चालू असतं की डोळे यादीत शेवटी जातात.

आजोबांचा मोतीबिंदू आणि नातवाचा

आता सगळ्यांत घाईचा प्रकार. डोळ्यावर काही आडवं आलं असेल, म्हणजे जन्मतः मोतीबिंदू, बाहुली झाकणारी पडलेली पापणी, किंवा जखमेने, जंतुसंसर्गाने पडलेलं फूल, तर प्रकाशच नीट आत जात नाही. आजोबांचा मोतीबिंदू दोन वर्षं थांबला तरी चालतो. ऑपरेशन झालं की त्यांना पुन्हा पूर्वीसारखं दिसतं, कारण त्यांचा मेंदू बघायला कधीच शिकून बसलाय. नातवाला दोन वर्षं मिळत नाहीत. एकाच डोळ्यात जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया साधारण चार ते सहा आठवड्यांच्या वयात व्हावी असं डॉक्टर धरतात. महिने नव्हे, आठवडे. ‘जरा अंग धरू दे, सहा महिन्यांनी बघू’ असं म्हणणारी माणसं प्रेमानेच म्हणतात, पण तेवढ्यात गाडी निघून गेलेली असते.

जन्मतः मोतीबिंदूच्या काही कारणांवर लस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अनेक बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता. आईला चार दिवस बारीक ताप आणि पुरळ, बाळाला मात्र डोळे, कान, हृदय या सगळ्यावर घाव. आपल्याकडे गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. गोवा पहिल्या टप्प्यातच होता, महाराष्ट्रात ती २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर त्या सुईबद्दल काय काय फिरत होतं ते आठवत असेलच.

ज्याचा दोष नाही ते

पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्याकडे बघून डोळे तिरळे होत नाहीत. तिरळ्या मुलाशी खेळून होत नाहीत. मुद्दाम डोळे वाकडे करून दाखवले तरी ‘वास्तू तथास्तु म्हणते’ म्हणून ते तसे राहत नाहीत. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून तर मुळीच नाही, आणि हे ठासून सांगायला हवं, कारण मुलाचा डोळा फिरला की घरात पहिला खटला आईवर चालतो. मोबाइलने आळशी डोळा होत नाही. फक्त एक खरं आहे: फोन तासन्‌तास अगदी डोळ्यांजवळ धरून बघणाऱ्या काही किशोरवयीन मुलांत अचानक आतला तिरळेपणा आल्याचं कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये नोंदवलं आहे.

आणि तो ‘भाग्याचा डोळा’. किंचित तिरळं मूल नशीब घेऊन येतं, म्हणून दाखवायचं नाही. या एका समजुतीने किती डोळे घालवले असतील! तिच्याच जोडीची दुसरी म्हणजे ‘मोठा झाला की आपोआप सरळ होईल’. हिच्यात मात्र एक कण खरेपणाचा आहे, म्हणून ती जास्त फसवते. पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून भरकटतात, ते चालतं. शिवाय काही बाळांचं नाक मुळाशी रुंद आणि सपाट असतं, त्यामुळे डोळ्याचा आतला पांढरा भाग झाकला जातो आणि डोळे आत वळल्यासारखे दिसतात. नाक उंच झालं की तो भास जातो. ते मूल ‘आपोआप बरं’ झालं असं शेजारणी सांगतात. त्याला मुळात काही झालंच नव्हतं. भास आणि खरा तिरळेपणा ओळखायचा तर समोरून छोटा टॉर्च किंवा फ्लॅशने काढलेला फोटो बघावा. दोन्ही बाहुल्यांमध्ये प्रकाशाचा ठिपका एकाच जागी असेल तर डोळे बहुधा सरळ. एकात मध्यभागी आणि दुसऱ्यात कडेला असेल तर दाखवायला हवं.

फोटोतच आणखी एक गोष्ट दिसू शकते. एका डोळ्यात लाल चमक आणि दुसऱ्यात मांजरासारखी पांढरी. ही खूण मोतीबिंदूची असू शकते, किंवा पडद्याच्या कर्करोगाची. हा कर्करोग लहान मुलांनाच होतो आणि तिरळेपणा हीसुद्धा त्याची पहिली खूण असू शकते. पांढरी चमक दिसली तर पुढच्या महिन्याची वेळ घ्यायची नाही, त्याच आठवड्यात जायचं. मोठ्या मुलात अचानक आलेला तिरळेपणा, एकाचे दोन दिसणं, सोबत डोकेदुखी-उलट्या, हेही तसंच तातडीचं.

एरवी घरी काय बघाल? खेळता खेळता बाळाचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एक झाकला तर काही नाही आणि दुसरा झाकला की दर वेळी चिडतं, हात ढकलतं, मान वळवतं, तर झाकलेला तो त्याचा कामाचा डोळा आहे आणि उघडा राहिलेला संशयित. उन्हात गेलं की एकच डोळा मिटणारं मूल आपल्याकडे ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सोडून दिलं जातं. ती बाहेर वळणाऱ्या तिरळेपणाची नेहमीची खूण आहे. प्रत्येक फोटोत मान एकाच बाजूला कललेली असेल तर तो लाडिकपणा असेलच असं नाही. डोळ्याचा एखादा स्नायू कमजोर असला की मूल मान कलवून दोन प्रतिमा एक करून घेतं.

तपासणीत काय होतं

मूल बोलत नाही, अक्षरं येत नाहीत, मग नंबर कसा काढणार, हा प्रश्न मला प्रत्येक आई विचारते. मुलाच्या उत्तराची गरजच नसते. बाहुलीतून प्रकाशाची पट्टी फिरवायची, परत येणारी चमक कुठल्या दिशेने सरकते ते बघायचं, पुढे भिंगं बदलत जायचं. चमक स्थिर झाली की नंबर सापडला. सहा महिन्यांच्या बाळाचाही असा काढता येतो. फक्त त्याआधी भिंगाचा जोर औषधाने सैल करावा लागतो, नाहीतर प्लस नंबर लपून बसतो. त्यासाठी थेंब टाकतात, किंवा घरी तीन दिवस लावायला अ‍ॅट्रोपिनचं मलम देतात. त्या दिवसांत बाहुल्या मोठ्या दिसतात, ऊन सहन होत नाही, जवळचं पुसट होतं. ते उतरायला काही दिवस जातात. मलम लावल्यावर चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर पुढचा डोस न लावता डॉक्टरांना फोन करायचा. औषध न घालता, नुसत्या यंत्रासमोर बसवून लहान मुलाचा नंबर कोणी लिहून दिला तर त्यावर विसंबू नका.

खूण नसलेल्या, जोखीम नसलेल्या मुलाचीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा तपासणी व्हावी. वर सांगितलेल्यांपैकी काही असेल तर पहिल्या वाढदिवसाच्या आत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणारं पथक हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. २०१३ मध्ये तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्या दिवशी मुलाला पाहुण्यांकडे नेऊ नका.

उपचार वाटतो त्यापेक्षा साधा आहे आणि चिकाटी मागणारा आहे. आधी चष्मा, तोही दिवसभर. नंबरातल्या फरकाने आळशी झालेल्या डोळ्यांपैकी चारातला साधारण एक नुसत्या चष्म्याने पूर्ववत होतो. आत वळणारा डोळा प्लसच्या चष्म्यात सरळ होतो आणि चष्मा काढला की पुन्हा वळतो. त्यावरून ‘चष्म्याने सवय लागली’ म्हणून तो कपाटात ठेवणारी घरं मी पाहिलीत. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे मेंदूला दुसऱ्याचा फोन उचलायला भाग पाडायचं. दिवसभर बांधून ठेवायची गरज नाही. मध्यम स्वरूपाच्या दुखण्यात रोज दोन तासही सहा तासांइतकेच काम करतात, हे २००३ मध्ये दिसून आलं. पट्टी टिकत नसेल तर चांगल्या डोळ्यात शनिवार-रविवार अ‍ॅट्रोपिनचा थेंब हाही मार्ग आहे. स्नायूंची शस्त्रक्रिया डोळा सरळ करते, आळस काढत नाही. सात वर्षांनंतर काहीच होत नाही असं पूर्वी सांगत. ते खरं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास पट्टीने सुधारली. पण जितकं लवकर तितकं सोपं, हे आहेच.

भाची रोज संध्याकाळी दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावून माझ्याशी कॅरम खेळायची. पहिल्या आठवड्यात स्ट्रायकर सोंगटीच्या शेजारून जायचा आणि ती बोर्ड ढकलून उठायची. तिसऱ्या महिन्यात तिने राणी घेतली, तीही कव्हरसकट. डावा डोळा आता तक्त्यावर बराच खाली उतरलाय आणि पट्टी सुटलीय. पण पट्टी सुटल्यावर वर्षभरात चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, म्हणून बहिणीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढच्या तपासणीच्या तारखांना गोल केलेत, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. त्यांतला एक गोल धाकट्याच्या नावाचा आहे. तो सव्वा वर्षाचा आहे, आणि त्याचे डोळे अगदी सरळ आहेत.